शांतवन मास्तरांची स्ट्रॉबेरी

शांतवन मास्तरांनी "सलाम साहेब" म्हणत एक करपलेलं पान माझ्या टेबलावर ठेवलं. "यावर औषध द्या. स्ट्रॉबेरीचं हाय."

बहात्तरचा हिवाळा होता. मी श्रीरामपूरला शेतीखात्यात असिस्टंट होतो. दुष्काळामुळे सगळा दिवस चारा डेपोवर जायचा. आमचे साहेब पलीकडून म्हणाले, "मास्तर, गुरांना पाणी नाही आणि तुम्ही स्ट्रॉबेरी लावताय?"

"मंडळी आजारी हाय. तिच्यासाठी लावलीय."

साहेब मला म्हणाले, "जाऊन बघून या."

मास्तर प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. घर गावाच्या कडेला, चर्चमागं. ओसरीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत रोपं होती आणि शेजारी खाटेवर त्यांच्या पत्नी, मार्थाबाई. घशाचा कॅन्सर. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. बाईंचे वडील महाबळेश्वरला एका बंगल्यावर माळी होते. आजारपणात बाईंना तिथली स्ट्रॉबेरी आठवायला लागली, म्हणून त्यांच्या भावानं तिकडून रोपं आणून दिली.

डब्यातल्या मातीवर पांढरा थर दिसला. बोटाला लावून चाखला तर खारट.

"पाणी कुठलं घालता?"

"आडाचं."

आड तळाला गेला होता, पाणी मचूळ झालं होतं. स्ट्रॉबेरीला खारं पाणी सोसत नाही. पाण्यातलं मीठ पानांच्या कडांना साठतं आणि पान तिथून करपतं. त्यावर औषध नाही. मी म्हटलं, "माती बदला, डब्यांना तळाला भोकं पाडा, आणि गोडं पाणी घाला."

"गोडं तर टँकरचंच. ते प्यायला पुरत न्हाई." मास्तरांनी एका डब्यातली माती उकरून पाहिली. "बरं. बघतो."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा रोपांना नवी पानं फुटली होती. मास्तरांनी चहा केला. चहा मचूळ लागला. टँकरचं पाणी बाईंना आणि रोपांना जात होतं. मास्तर स्वतः आडाचं पीत होते.

मग कळ्या आल्या. रोप लहान असताना पहिली फुलं खुडायची असतात, म्हणजे ते जोर धरतं आणि पुढं फळ चांगलं येतं. मास्तरांनी कुठूनतरी ते ऐकलं होतं.

"खुडू का?"

मी खाटेकडं पाहिलं. बाई बऱ्याच खंगल्या होत्या. "राहू द्या," मी म्हणालो.

फळ पिकलं एकच, बोराएवढं. त्या दिवशी मी तिथंच होतो. तोवर बाईंना चमच्यानं पाणीही गिळवत नव्हतं. त्यांनी फळ नाकाशी धरलं, बराच वेळ. मग मास्तरांपुढं केलं.

"तुमी खा."

"मला काय करायचंय?"

"तुमी कधी खाल्ली न्हाई. खा."

मास्तरांनी तोंडात टाकलं.

"कशी हाय?"

"गोड हाय."

"खोटं बोलता," बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "तोंडावरनं कळतंय." आणि हसल्या.

त्याच आठवड्यात बाई गेल्या. मातीला मी गेलो होतो. नंतर मास्तरांनी रोपांचं पाणी बंद केलं.

पुढं नोकरीत कितीतरी जणांना मी पहिली फुलं खुडायला सांगितलं. शास्त्र तेच आहे. फक्त सांगण्याआधी, पीक कोणासाठी लावलंय, ते विचारून घ्यायचो.