मागं उभी असलेली माणसं

लोहाऱ्यात एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यांत माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं एक खोली. त्या खोलीत मी राहतो. लग्नसराईत रोज कुठल्या ना कुठल्या मांडवात असतो, शेकडो माणसांच्या गर्दीत. नवरीच्या आईचं रडू मला तिच्या सख्ख्या भावाच्या आधी दिसतं. पण मांडव सोडून परत आलो की कुलूप मीच लावलेलं असतं आणि मीच उघडतो.

माझं लग्न दोनदा जमत आलं होतं. दोन्ही वेळा बोलणं 'घरी कोण कोण असतं?' या प्रश्नापाशी येऊन थांबलं. मामानं मला वाढवलं, तो गेला. मामी आता सोलापुरात तिच्या लेकाकडं असते. सणाला फोन येतो.

माझ्या आईवडिलांचं गाव सास्तूर. वडील तिथं पिठाची गिरणी चालवायचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि आजोळी, लोहाऱ्यात होतो. आईला दिवस गेले होते, माझं अंगावरचं दूध तुटत नव्हतं, म्हणून तिनं मला आजीकडं आणून ठेवलं होतं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे गावातली दगडमातीची माळवदं खाली आली, त्यात आमचं घर गेलं. आईचा फोटो माझ्याकडं नाही. लग्नातला एक फोटो होता म्हणतात, पण तो सासरच्या भिंतीवर टांगलेला होता.

हे मी कुणाला सांगत नाही. दुकानात येणाऱ्याला वेगळंच काही पाहिजे असतं. 'भाऊ, सिनेमॅटिक पायजे.' सगळे हाच शब्द वापरतात. मला तो करता येतो. पंच्याऐंशीची लेन्स लावायची, तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं, म्हणजे नवरीची पापणी कापल्यासारखी स्पष्ट येते आणि तिच्या पाठीमागचं सगळं विरघळतं. मांडवाचे बांबू, प्लास्टिकच्या खुर्च्या, कांदा चिरणाऱ्या बायका, सगळ्यांचे रंगीत ठिपके होतात. कॅमेरा गिंबलच्या दांड्यावर बसवला की हाताचे धक्के जातात, चाल पाण्यावरून गेल्यासारखी होते. ऊन कलल्यावर उन्हाकडं पाठ करून उभं केलं की कुणाच्याही केसांना सोनेरी कड येते. मग वेग कमी करायचा, रंग चढवायचे. शेतातल्या वाटेवरून चालणारं आमच्याकडचं जोडपंही पडद्यावरचं वाटायला लागतं. मला या कामाचा अभिमान होता, आजही थोडा आहे.

दोन वर्षांखाली उन्हाळ्यात सास्तूरहून एक गृहस्थ आले. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. हातात पिशवी, पिशवीत ॲल्युमिनियमचा डबा, डब्यात धडुत्यात गुंडाळलेली जुनी व्हिडिओ कॅसेट. त्यांची बहीण जळकोटला दिलेली होती. ती वारली. तिच्या ट्रंकेत तळाला ही कॅसेट निघाली, तिच्याच लग्नाची.

"हे मोबाइलवर बघता यील का?" त्यांनी विचारलं. "आन् जमलं तर जरा आत्ताच्यासारखं करा. पिच्चरवानी."

मी म्हटलं करतो. बोलता बोलता त्यांनी माझं गाव विचारलं. लोहाराच, म्हटलं, पण वडिलांचं सास्तूर. कुणाचे म्हणाल्यावर गिरणीचं सांगितलं. ते डब्याचं झाकण लावत होते, ते तसंच हातात राहिलं.

"गिरणीवाल्याचं पोरगं व्हय तुमी." एवढंच म्हणाले. चहा मागवला होता, तो पूर्ण पिऊन गेले.

व्हीसीआर कुणाकडंच राहिलेला नाही. सोलापुरात एका जुन्या रिपेअरवाल्याकडून महिनाभरासाठी आणला. कॅसेटला बुरशी धरली होती. ती हळूहळू पुसली, फीत पुढं-मागं फिरवून मोकळी केली आणि कॉम्प्युटरला जोडून चालू केली.

भूकंपाच्या आदल्या वर्षीचं लग्न होतं. शूटिंग बघून मला हसूच आलं. बाहेरून आणलेल्या कॅमेरावाल्यानं जे जे करू नये ते सगळं केलं होतं. सारखं झूम आत, झूम बाहेर. फ्रेम तिरकी. हॅलोजनचा लाईट सरळ तोंडावर, त्यामुळं नवरा-नवरी चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी. मध्येच बदामाच्या आकारात दोघांची तोंडं. मी त्यातलं बरं तेवढं निवडलं. हलणारं काढून टाकलं, चौकट कापून नवरीला मध्यावर घेतलं, वेग कमी केला, मागं बासरी टाकली. तीन-चार मिनिटांचं छान झालं.

ड्रायव्हरकाका आले. मोबाइल हातात धरून त्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग परत पहिल्यापासून बघितलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पर आमची गल्ली कुठं गेली?"

"कुठली गल्ली?"

"वरात निगाली तवाची. म्हशीच्या मागं माझा चुलता हुबा व्हता. त्यो दिसंना. भैनीला तर मी परवा-परवापातूर बघितलंय. ती जळकोटला नातवंडं बघून गेली. गल्लीच बघायची व्हती."

मी पूर्ण कॅसेट जशीच्या तशी लावली. ते खुर्ची ओढून बसले. वरात वेशीतून आत आली तेव्हा त्यांनी स्क्रीनजवळ बोट नेलं आणि एकेक घर सांगायला लागले. हे कुणाचं, ते कुणाचं, ह्या कट्ट्यावर कोण बसायचं. मी तो भाग तीनदा बघितला होता, आणि मला त्यात फक्त हलणारा कॅमेरा दिसला होता.

जाताना ते म्हणाले, "हे गावाला दावायला पायजे."

माझ्याकडं लग्नात लावायचा प्रोजेक्टर होता. दिवस मावळल्यावर सास्तूरच्या समाजमंदिरात पांढरी चादर बांधली. मला वाटलं होतं म्हातारी चार माणसं येतील. हॉल भरला, लोक दारात उभे राहिले. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव सरळ रस्त्यांचं, मोकळं. तिथं जन्मलेली पोरं पण आली होती, पण ती लवकरच मोबाइलमध्ये गेली. पन्नाशीच्या पुढची माणसं मात्र हलली नाहीत.

नवरा-नवरीकडं कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पडद्याच्या कडांवर. कोण कुणाच्या खांद्याआडून दिसतंय, कुणाच्या दारात कोण उभंय. "थांबवा," कुणीतरी म्हणायचं, मी थांबवायचो. "मागं घ्या." मागं घ्यायचो. एका माणसाला पंगतीत त्याचा भाऊ सापडला, बुंदी वाढणारा. त्यानं ते पाच-सहा वेळा बघितलं आणि मग बाहेर जाऊन बसला. एक बाई उठून पडद्याजवळ गेली, तिची सावली चित्रावर पडली, मागचे म्हणाले, "बसा अक्का, आमालाबी दिसू द्या." ती बसली. कुणी मोठ्यानं रडलं नाही. नावं घेतली जात होती फक्त, हळू आवाजात, हजेरी घेतल्यासारखी.

मध्येच ड्रायव्हरकाकांनी सांगून टाकलं, "हे गिरणीवाल्याचे चिरंजीव."

पुढं बसलेल्या बायका वळल्या. त्यातली एक म्हातारी, बारीक अंगाची, डोळ्यांना जाड भिंगं, माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आरं, तुजी आई हाय की ह्यात. पानी वाडायच्या बायांत व्हती. मागं घे."

माझा हात माऊसवर होता. मी मागं घेतलं.

नवरदेवाला ओवाळत होते. त्याच्या खांद्यामागं, भिंतीलगत, बायकांचा घोळका. त्यात एक पाठमोरी बाई, हिरवं लुगडं, कडेवर लेकरू. लेकराचं तोंड कॅमेऱ्याकडं. हॅलोजननं दिपून त्यानं डोळे मिटलेले.

"तीच," म्हातारी म्हणाली. "आन् कडंवर तू."

"न्हाय गं," शेजारची म्हणाली. "ती सुताराची सून. तिचं पोरगंबी तेवडंच व्हतं."

"सुताराची सून उंच व्हती. ही बग की, ठेंगणी हाय."

"मग त्या पलीकडं कोन हाय, तोंड दिसंना ती?"

दोघी वाद घालत राहिल्या. मी ते पुन्हा पुन्हा लावलं. ती बाई वळायला लागते, पदर सावरायला हात वर जातो, आता तोंड दिसणार, तेवढ्यात कॅमेरावाला झूम करून नवरदेवाच्या बाशिंगावर जातो. परत बाहेर येतो तेव्हा भिंतीपाशी कुणी नाही.

"तुला काय आठवतंय का रं तिचं?" म्हातारीनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

दुकानात परत आल्यावर मी बरेच दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. तो तुकडा वेगळा काढला. मोठा केला. मोठा केला की बाई राहत नाही, नुसते हिरवे-करडे चौकोन राहतात. जुनं चित्र स्वच्छ करायचं नवं सॉफ्टवेअर माझ्याकडं होतं. लोकांच्या आजोबांचे फोटो मी त्यात उजळून देतो. ती वळते तेवढा भाग मी त्यात टाकला.

चेहरा आला. नाक, डोळे, गालाची गोलाई, ओठ किंचित उघडे. गुळगुळीत, साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी एक तरुण बाई माझ्याकडं अर्धवट वळून बघत होती. मी तिच्याकडं बघत बसलो. खोटं कशाला सांगू, थोडा वेळ मला ती पटली. माझ्या कपाळासारखं कपाळ आहे का, हेसुद्धा आरशात जाऊन बघून आलो. मग कडेवरच्या लेकराकडं लक्ष गेलं. त्या तान्ह्याला मशीननं डोळे उघडून दिले होते आणि तोंडभरून दात दिले होते.

मी ते पुसून टाकलं. पुसायच्या आधी दोनदा माऊस सोडला होता, कारण खोटा का होईना, तेवढा एकच चेहरा माझ्याकडं होता.

त्या कॅमेरावाल्याचा मला राग आला. कोण होता, आहे की नाही, माहीत नाही. अजून दोन सेकंद थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण त्याला नवरदेवाचं काम होतं. तो बाशिंगावर गेला. मीही गेलो असतो. उलट माझ्या लेन्सनं ती भिंतीजवळची बाई मुळातच ठेवली नसती, तिचा एक हिरवा ठिपका झाला असता. त्याच्या त्या साध्या कॅमेऱ्याला मागचं विरघळवता येत नव्हतं, म्हणून तर गल्ली राहिली, चुलता राहिला, म्हैस राहिली.

नंतर जळकोटला एक लग्न होतं. मी लेन्सचं तोंड बारीक केलं, सगळं स्पष्ट येईल असं. स्वयंपाकाची चूल, ताटं धुणाऱ्या बाया, कोपऱ्यात एकटे बसलेले कुणाचे तरी आजोबा, सगळं. व्हिडिओ बघून नवरीचा भाऊ नाराज झाला.

"मागचं ब्लर न्हाय केलं व्हय? मोबाइलवरबी हुतंय ते आता."

"मागं तुमचीच माणसं आहेत," मी म्हटलं.

"असू द्या की. त्यांना कोन बघतंय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. पैसे देणाऱ्याला हवं ते द्यावं लागतं. मी त्याला पुन्हा पाहिजे तसं करून दिलं, आणि आजही तसंच करतो. फक्त मुहूर्ताच्या आधी मोठ्या कोनाची लेन्स लावून मांडवात एक चक्कर मारतो. प्रत्येक घोळक्यापाशी थांबतो, माणूस वळेपर्यंत थांबतो. लोक विचारतात, "काय शूट करायलाव?" मी म्हणतो, टेस्टिंग. ते वेगळं फोल्डर करून पेनड्राइव्हमध्ये टाकून देतो. त्याबद्दल आजवर कुणाचा फोन आलेला नाही.

सास्तूरला मी मधून मधून जातो. त्या जाड भिंगाच्या म्हातारीकडं. ती एकटीच असते; मुलगा पुण्यात, सुनेची नोकरी तिकडंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा कॅमेरा नेला होता. म्हटलं, आजी, माझ्या आईविषयी जे आठवेल ते सांगा, मी घेतो. ती ओसरीवर ताठ बसली, पदर नीट केला.

"सावळी व्हती," ती म्हणाली. "बोलायची न्हाय लई. गिरनीत दळान घिऊन गेलं की पाटी उतरवू लागायची." तिनं भिंगं पदरानं पुसली. "माजी लेक आन् ती एका वयाच्या." आणि मग ती लेकीचं सांगायला लागली. लेक कशी चालायची, तिला कुठलं स्थळ आलं होतं, त्या रात्री विसर्जनाहून येऊन ती कुठल्या भिंतीला झोपली होती. दुपारभर लेकीचंच बोलली. माझी आई त्यात परत आली नाही. मी आठवण करून दिली नाही. मी जागचा हललो नाही, कॅमेराही हलवला नाही. तिच्यामागं तिचं घर होतं, दोरीवर लुगडं, कोनाड्यात औषधाच्या बाटल्या, सगळं स्पष्ट.

बॅटरी संपल्याचा लाल दिवा लागला तशी तिनं विचारलं, "झालं का? कोन बघनार हाय हे?"

"मी बघेन," म्हटलं.

ती उठली, गुडघ्यावर हात टेकून. "लोहाऱ्याची जीप यायला टाइम हाय," म्हणाली. "बस. भाकरी टाकते."

मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि पीठ मळताना तिच्या परातीचा आवाज ऐकत ओसरीवर बसून राहिलो.