दाजींचा आजचा फोटो

जालना जिल्ह्यात भूत नाही. हे मी पत्रकं छापून, चौकात भोंगा लावून, शाळाशाळांतून घसा बसेपर्यंत सांगितलेलं आहे आणि आजही सांगतो. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, रोज एक फोटो काढून या जिल्ह्यात जेवढी भीती पसरवली, तेवढी सगळ्या मांत्रिकांनी मिळून पसरवली नसेल. मांत्रिक निदान पैसे घेतात, त्यांना रंगेहाथ पकडता येतं. दाजी फुकट करतात. आणि फोटो तरी कशाचे? स्मशानाचे नाहीत, पडक्या विहिरीचे नाहीत. माठाचा. दुधावरच्या सायीचा. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याचा. घरात भूत नसताना घरातल्या माणसाला घरात एकटं बसवेनासं व्हावं, हे काम माझ्या दाजींनी अतिशय प्रेमानं आणि कसलाही वाईट हेतू न ठेवता केलेलं आहे. म्हणूनच त्यांचा निषेध कसा करावा हे मला कळत नाही.

वाटूर फाट्यावर दाजींचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. कॅमेऱ्याचे मोबाईल आमच्याकडं नुकते दिसायला लागले होते, तेव्हा दाजी एकदा कामाला म्हणून जालन्याला गेले आणि काम विसरून फोन घेऊन आले. त्याचा पडदा आगपेटीएवढा, आणि त्यात दिसणारं सगळं ओल्या रव्यातून काढल्यासारखं. त्या दिवसापासून त्यांनी नेम धरला, रोज एक फोटो. दुसरा नाही. चुकला तरी नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दोन काढले की एकाकडं बी ध्यान ऱ्हात न्हाई. दोन बायका करून बघा, पाव्हणं." आतून अक्काचा आवाज आला, "एकीकडं तरी कुठं हाय?"

फोटो उभ्यानं काढणं त्यांना पटत नाही. ते आडवे होतात. चारचौघांत, बेधडक, पोटावर. एकदा भर दुपारी फाट्याच्या डांबरी रस्त्यावर ते असे पालथे पडलेले पाहून एका ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, मागं जीप थांबली, माणसं धावली, कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी पाणी. दाजी मान न उचलता म्हणाले, "सावली तुडवू नका राव, जल्दी बाजूला व्हा." सायकलच्या चाकाची सावली होती ती. फोटोत मात्र ती सावली वाटली नाही. जमिनीखालून कुणीतरी हाताची बोटं पसरून वर यायला बघतंय, असं दिसलं. ज्या माणसानं कांदा आणला होता, त्यानं तो फोटो पाहिला आणि त्या जागेवरून चालायचं सोडलं. अजून वळसा घालून जातो.

माठाचं तसंच. दाजींनी माठात फोन धरून आतल्या पाण्याचा फोटो काढला. काळंभोर वर्तुळ, मध्ये पांढरट काहीतरी, आणि ते वर बघतंय. तो त्यांचाच चेहरा होता, मी अक्काला सतरांदा समजावलं. अक्का म्हणाली, "मला कळतंय रे. पण तो पाण्यात बसून राह्यलाय ना!" कित्येक दिवस ती हापशाचं पाणी प्यायली. मग सायीचा फोटो. सुरकुतलेली, पिवळसर, जरा ओढल्यासारखी. अक्का बघताक्षणी म्हणाली, "हे तर सासूबाईंचं कपाळ." सासूबाई जाऊन बराच काळ लोटला होता. अक्कानं दुधाच्या पातेल्याला पदर घेऊन नमस्कार केला आणि दूध सगळं मांजराला घातलं.

आम्ही सगळे राजूरच्या गणपतीला गेलो तेव्हा दाजी देवळात आलेच नाहीत. बाहेर चपलांच्या ढिगापाशी गाल जमिनीला लावून पडले होते. त्या फोटोत चपला, नुसत्या चपला, टाचा झिजलेल्या, अंगठ्याचे खड्डे पडलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. दाजी मला म्हणाले, "बघा, गर्दी हितंच हाय. माणसं तेवढी दिसत न्हाईत." त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पुरोगामी कार्यकर्ता आहे, तरी लागली नाही.

आता माझी अडचण लक्षात घ्या. मी एका गावात समाजमंदिरात उभा राहून सांगतोय की भीती हा अज्ञानाचा खेळ आहे, डोळे उघडे ठेवून बघा. आणि मागच्या रांगेत दाजींचा फोन हातोहात फिरतोय. त्यात त्यांचाच सदरा, दोरीवर, वाऱ्यानं फुगलेला, मान नसलेला. लोक दोन-दोनच्या जोडीनं उठून घरी गेले. एकटं कुणी गेलं नाही. माझी पत्रकं तशीच उरली.

अशा माणसाकडं मी मदत मागायला गेलो, त्याला कारण घडलं कमलचं.

कमल दाजींच्या गल्लीतली, शेजारची सून. तिचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, दुपारच्या वेळी खाटेवर गेले. घरात कुणी नव्हतं. कमल कापूस वेचायला रानात गेली होती, नवरा शहागडच्या ढाब्यावर कामाला. बस, गावाला तेवढं पुरलं. म्हातारा पाण्यावाचून गेला, सुनेनं पाणी दिलं नाही. आबांची लेक सरूबाई माहेरी येऊन बसली आणि तिनं जाहीर करून टाकलं, की आबा गेले त्या जागी पीठ पसरायचं. ही चाल माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माणूस जिथं गेला तिथं ज्वारीचं पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वरून टोपलं झाकतात आणि सकाळी उचलून बघतात. पिठावर जे उमटलेलं असेल त्या जन्माला तो गेला. पाखराचा पाय निघाला तर पाखरू. वाकडी रेघ निघाली तर साप, म्हणजे इच्छा राहिली, अतृप्त गेला. अक्कानं मला फोन केला, "सरूबाई म्हणून राह्यली, साप निघाला तर भावजय ह्या घरात दिसली न्हाई पायजे. भाऊ तर तोंडच उघडंना. तू ये."

मी आलो तो माझा बेत घेऊनच. "दाजी, उद्याचा फोटो मला पाहिजे. पिठाचा. वरून, सरळ, शेजारी मोजपट्टी ठेवून. शास्त्रीय पुरावा आहे. किडा असतो तो, दिव्याला येतो. मोठा करून छापतो."

दाजींनी हातातली तार खाली ठेवली. "काढीन. पण कसा काढायचा ते सांगू नका. मी तुमच्या पत्रकात काना-मात्रा घालतो का?"

सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टोपल्याच्या फटींतून दिव्याचा उजेड हलत होता, त्यामुळं भिंतीवर जाळं पडलेलं, आणि ते जाळं श्वास घेतल्यासारखं लहानमोठं होत होतं. कमल दाराशी उभी होती.

"आता आली का दारात पाणी पाजायला?" सरूबाई म्हणाली.

"वन्स, माझ्या हातानं पाणी प्यायले ते. मंगच मी रानात गेले. मला इचारलं का कुणी?"

"इचारायचं कशाला? पीठच सांगंल."

पीठच सांगंल! जिवंत बाई समोर उभी आहे, तिला तोंड आहे, ती बोलतेय. आणि साक्ष कुणाची घ्यायची, तर पिठाची! माझं डोकं फिरलं. मी "मायबहिणींनो" अशी सुरुवात केली, तोच एक म्हातारी म्हणाली, "ए भोंग्या, चूप."

टोपलं उचललं.

पिठावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ गेलेली होती. बोटभर जाड, वळत वळत. मी खोटं लिहिणार नाही, माझ्याही मानेवरचे केस उभे राहिले. "सर्प," कुणीतरी नुसत्या श्वासानं म्हणालं. कमल होती तिथंच खाली बसली. नवरा आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"गोम आहे ती!" मी ओरडलो.

"एवढी मोठी?" सरूबाई म्हणाली.

"मग पाल. शेपूट ओढत गेली."

"पाल का गोम, ते आधी ठरीव बाबा."

तेवढ्यात दाजी आडवे झाले. बायकांच्या पायांमधून सरकत गेले, गाल शेणानं सारवलेल्या जमिनीला लावला, एक डोळा मिटला. फोननं बारीक आवाज केला. दाजी उठले, छातीवरचं पीठ झाडलं आणि फोन सरूबाईच्या हातात दिला.

तिनं तो लांब धरला, जवळ धरला. "हे काय हाय?"

"तुमीच बघा."

पडद्यावर पीठ नव्हतं. नांगरलेलं रान होतं, सरीमागं सरी. पीठ पसरणाऱ्या हाताच्या बोटांच्या त्या खुणा, हे मला माहीत आहे. लांब टोकाला सूर्य उगवत होता. तो दिवा होता, हेही माहीत आहे. आणि मधून एक वाट, वळत वळत, उजेडाकडं गेलेली.

"ही तर मळ्याची वाट," सरूबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे बघ दादा, हितं वळती, हिरीपाशी. आबा ह्याच वाटेनं..." आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. "मळ्यात गेले गं माझे आबा. शेवटाला मळ्यातच गेले."

फोन हातोहात फिरला. कुणाला विहिरीचा काठ दिसला, कुणाला आंब्याचं झाड. एकजण म्हणाला, वळणावर घोंगडी पांघरलेलं माणूस हाय, पाठमोरं. मी बघितलं. होतं. हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. मान वळवून जमिनीवर बघावं तर पीठ होतं, रेघ होती, बाकी काही नाही.

बऱ्याच वेळानं सरूबाईनं डोळे पुसले आणि दाराकडं न बघताच म्हणाली, "कमल, ऊठ. च्या ठेव सगळ्यांना." निकाल लागला. कमल घरात राहिली, आजही आहे.

गल्लीत आल्यावर मी दाजींवर फुटलो. "तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घातलंत!"

"मी कुठं काय बोललो? मी खाली वाकलो फकस्त."

"अन् पुढच्या गावातल्या सुनेनं काय करायचं? तिथं साप निघाल्यावर कोण वाकणार आहे?"

दाजी फोन खिशात घालून दुकानाकडं चालायला लागले. माझा प्रश्न बरोबर होता. अजूनही बरोबर आहे. सुनेची अब्रू कुणाच्या तरी पोटावर झोपण्यावर टिकावी, हा काय न्याय झाला?

मी तो फोटो घेऊन परतूरच्या छापखान्यात गेलो आणि पत्रक काढलं. वर ठळक अक्षरांत, 'हा साप नव्हे, हे वावरही नव्हे, हा किडा आहे!' खाली फोटो, त्याखाली माझा मजकूर, चांगला कडक. छपाईत फोटो आणखी काळा झाला आणि आणखी खरा वाटायला लागला. लोकांनी पत्रकं मागून मागून नेली. मी हरखलो. मग एका घरी चहाला गेलो तर देवघरात तो फोटो, ब्लेडनं नीट कापलेला, वर हळदकुंकू. मजकूर कुठाय विचारलं तर बाईनं भज्यांची पुडी दाखवली.

त्यानंतर लोक दाजींना न्यायला यायला लागले. कुणाच्या घरी टोपलं उचलायचं असलं की सांगावा येतो, फाट्यावरच्या फोटोवाल्या दाजीला बोलवा. दाजी दुकानाला कुलूप लावतात आणि जातात. त्यांच्या फोटोत साप कधी निघालेला नाही. पाखरू निघतं, नदी निघते, एकदा झोळीत झोपलेलं मूल निघालं. पण त्यांना मोटारसायकल येत नाही. तेव्हा त्यांना घेऊन कोण जातं, हे वाचकांनी विचारू नये. मी आत जात नाही. बाहेर गाडीवर बसतो, पिशवीत पत्रकं असतात, टोपलं उचलायच्या आधी दारात येईल त्याच्या हातात देतो. आत आधी सगळं चिडीचूप होतं. मग रडणं सुरू होतं, आणि आता मला नुसत्या रडण्यावरून कळतं की आतली कुणीतरी सुटली.

मागच्या हिवाळ्यात असेच शहागडकडच्या एका गावाहून परत येत होतो. दाजींच्या कोपरांना पीठ लागलेलं. उजाडलं होतं, पण धुकं होतं. दाजींनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी थांबलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. कापसानं तुडुंब भरलेल्या गाड्या घासून जातात, तेव्हा काट्यांना कापूस अडकत राहतो. त्या धुक्यात वाटत होतं, पांढरी लुगडी नेसलेल्या बाया रांगेनं उभ्या आहेत, लांबपर्यंत, खाली मान घालून, कुणीतरी काहीतरी विचारायची वाट बघत.

दाजी उतरले. रस्त्याच्या कडेला गुडघे टेकले, हळूहळू पालथे झाले. हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"काढा की," मी म्हणालो.

"आजचा झाला."

"एक जास्तीचा काढला तर कोण विचारणार आहे?"

ते थंड मातीवर तसेच पडून, एक डोळा मिटून, बघत राहिले. वारा आला तसा सगळ्या बाभळींचा कापूस एकदम हलला. मी गाडी बंद केली.