मुक्तरावांचा अभेद्य पासवर्ड

माझ्या ताईच्या नवऱ्याला घरात सगळे मुक्तराव म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी सहज विचारलं, की भावोजी, तुमचं ते लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी फुकट मिळतं तेच ना? झालं. ताटातलं निवून गेलं तरी प्रवचन संपेना. फुकट नव्हे, मुक्त. ज्याचा कोड कोणीही उघडून पाहू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, ते मुक्त. आई मान डोलावत होती, कारण जावई बोलत असला की ती डोलावतेच. मी त्या दिवसापासून त्यांना मुक्तराव म्हणायला लागले आणि त्यांना तो चक्क गौरव वाटला.

नोकरी वजनमापं तपासण्याची. दुकानादुकानांत जाऊन तराजू खरा की खोटा ते पाहायचं आणि शिक्का मारायचा. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायचा त्यांना पगार मिळतो. संध्याकाळी तेच काम ते हौसेनं करतात. कोणाचा संगणक हळू चालतोय असं कानावर आलं की पेनड्राइव्ह खिशात घालून स्वारी हजर. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या संगणकावर मुक्तरावांनी एका रविवारी लिनक्स चढवलं आणि त्या रविवारपासून मास्तरांचा प्रिंटर मुका झाला. मास्तरांनी चार वेळा वर येऊन विचारलं, तर म्हणे कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हरच, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅमच, दिलेला नाही, दोष कंपनीचा. नाचता येईना, अंगण वाकडं.

आता खरं सांगायचं तर त्यांचे सल्ले चुकीचे नसतात. तीच तर चीड येते. नवी प्रणाली आधी नुसती पेनड्राइव्हवरून चालवून बघा, प्रिंटर, आवाज, वायफाय सगळं चालतंय याची खात्री करा, मगच डिस्कवर टाका, हे त्यांचंच वाक्य. मास्तरांकडे यातलं काही केलं नाही. कामाच्या संगणकावर जुनी, मुरलेली आवृत्ती ठेवा म्हणतात, आणि स्वतः काल निघालेली आज टाकून बसतात. इंटरनेटवर दिसलेली आज्ञा समजल्याशिवाय टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चिकटवू नका, असं लोकांना दरडावतात. स्वतः काय करतात ते मी पाठीमागे उभं राहून पाहिलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुक्तरावांचे सल्ले जरूर घ्यावेत, फक्त त्यांना संगणकाला हात लावू देऊ नये.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यावं लागतं. मुक्तरावांनी आयुष्यात कोणाच्या हातात काही दिलं नाही. ताईनं काही विचारलं की ‘सरक’ म्हणायचे, खुर्चीत बसायचे, खाडखाड काहीतरी टाइप करायचे आणि उठताना म्हणायचे, की तुला नाही कळायचं ते. ताई हसून सोडून द्यायची. मला तिच्या त्या हसण्याचाही राग यायचा.

ताई शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. फुलाचा उभा छेद, कप्पी, माणसाचा कान. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मजकुराला चित्रं काढल्यावर तिनं गेल्या वर्षी स्वतःचं पुस्तक करायला घेतलं. वरच्या मजल्याला घाबरणाऱ्या लिफ्टची गोष्ट. चित्रं तिची, शब्द तिचे, पानांची जुळणीही तिचीच, आणि सगळी मुक्त सॉफ्टवेअरवर. हे श्रेय मात्र द्यायला हवं, ती सॉफ्टवेअरं चांगली निघाली. प्रकाशकबाईंनी पुस्तक घेतलं, छापखान्यातली तारीख ठरली. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की सोमवारी फाइल आली नाही तर तुमच्या जागी दुसरं पुस्तक जाईल, आणि मग पुढचं माझ्या हातात नाही.

गुरुवारी वायरमन आला. मेन स्विच बदलायचा होता म्हणून त्यानं घरातली वीज बंद केली. मुक्तरावांचा संगणक, ज्यावर ताईचं पुस्तकही होतं, कधीच बंद नसायचा. महिनोन्‌महिने न थांबता चालतो याचा त्यांना कोण अभिमान. वीज आली, संगणक सुरू झाला आणि त्यानं पासवर्ड विचारला. अख्खी डिस्क त्यांनी कुलूपबंद करून ठेवलेली, त्याशिवाय आतलं अक्षर दिसत नाही. हिवाळ्यात कधीतरी त्यांनी जुना पासवर्ड काढून नवा घातला होता आणि आता ब्रह्मदेवालाही सापडणार नाही असं जेवताना जाहीर केलं होतं. त्यानंतर संगणक एकदाही बंद करून पाहिला नव्हता. मुक्तरावांनी पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक.

संध्याकाळी मी गेले तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. पुस्तकाची दुसरी प्रत कुठे आहे, एवढंच मी विचारलं. प्रकाशकबाईंकडे फक्त कच्ची रेखाटनं होती. ऑनलाइन ठेवायला मुक्तरावांची बंदी, कारण ते म्हणजे म्हणे आपले दागिने परक्याच्या कपाटात ठेवणं. आणि पेनड्राइव्हवर ठेवायची गरज नव्हती, कारण बॅकअप रोज आपोआप होत होता. कुठे होत होता? त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा, हे या गृहस्थानं गावाला सांगितलंय. मला त्या माणसाची किळस आली, आणि ती मी लपवली नाही.

शुक्रवारभर मुक्तराव दोषी शोधत होते. वायरमननं दणका दिला असेल. डिस्क खराब निघाली असेल. ताईनं मध्ये काही दाबलं का? पडलं तरी नाक वर. ताईनं एका जुन्या कागदावर लिफ्टचं पहिलं पान पुन्हा रेखाटायला घेतलं आणि अर्ध्यावर पेन्सिल ठेवली. वर्षाचं काम तीन दिवसांत होत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

शेवटी शनिवारी सकाळी मुक्तरावांनी माझ्या फोनवरून त्यांच्या त्या लिनक्सवाल्यांच्या चर्चामंचावर प्रश्न टाकला. तिथे नवख्यांना फटकारण्यात त्यांचं नाव आहे. कोणा अनोळखी माणसानं एका ओळीत विचारलं, पासवर्ड इंग्रजी अक्षरांत आहे का? मुक्तरावांनी उत्तर दिलं, की ही माहिती सुरक्षेच्या कारणास्तव देता येणार नाही. मी कपाळावर हात मारला. तो माणूस मात्र शांत. त्यानं लिहिलं, की देऊ नका, पण तो मराठी कीबोर्डवर टाकला असेल तर ऐका. संगणक सुरू होताना त्याला इंग्रजीच कीबोर्ड माहीत असतो. तुम्ही मराठी समजून दाबता, तो इंग्रजी समजून घेतो, आणि समोर नुसते ठिपके दिसतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, तिथे मराठी कीबोर्ड जोडा, मग ती डिस्क उघडा आणि पहिलं काम म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांतला दुसरा पासवर्ड घाला. आणि पासवर्ड बदलला की त्याच दिवशी एकदा बंद करून चालू करून बघत जा.

मुक्तरावांचा चेहरा उतरला. मुक्तपणा कशाशी खातात ते मला त्या अनोळखी माणसामुळे कळलं, यांच्यामुळे नाही.

दुपारी पेनड्राइव्ह लावला. मराठी कीबोर्ड जोडला. मुक्तराव एका बोटानं अक्षरं शोधत टाइप करू लागले. मराठी टायपिंग त्यांना कधी आलंच नाही, ते ताईचं काम. चूक. पुन्हा चूक. टाकलेली अक्षरं दाखवायची सोय तिथे होती, पण आम्ही दोघी मागे उभ्या, म्हणून ते ती वापरेनात. म्हणाले, तुम्ही जरा बाहेर जा. ताई म्हणाली, मी इथून हलणार नाही. आणखी दोनदा चुकले.

“उठा,” ताई म्हणाली. “तुम्ही सांगा, मी टाकते.”

“अगं, तो तसा काही... सुरक्षेसाठी असलं काहीतरी ठेवायचं असतं.”

“सांगा.”

ते उठले. ताई बसली आणि तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली. खिडकीकडे तोंड करून मुक्तराव हळूच म्हणाले, “बायकोला कळणार नाही.”

मला आधी वाटलं, ते अजून पासवर्ड सांगायला तयार नाहीत. मग लक्षात आलं, की हाच पासवर्ड.

ताईनं मागे वळून पाहिलं नाही.

“मध्ये जागा सोडलीय का?”

“नाही. सलग.”

तिनं तो सलग टाइप केला, न चुकता, एका दमात. डिस्क उघडली.

ताईनं आधी पुस्तकाचं अख्खं फोल्डर माझ्या पेनड्राइव्हवर घेतलं आणि तिथली प्रत उघडून बघितली. सगळी पानं होती. लिफ्ट होती, वरचा मजला होता, शेवटच्या पानावरचं उघडं दार होतं. मग छापखान्याला द्यायची फाइल बनवण्याआधी ती गोष्टीच्या आधीच्या, अर्पणपत्रिकेच्या पानावर आली. ते पान मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि मुक्तरावांनीही नाही. कोऱ्या पानाच्या मधोमध बारीक अक्षरांत एकच ओळ होती. ‘ज्यांच्यामुळे मला हे यंत्र कळलं, त्यांना.’

मुक्तराव तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ती ओळ वाचली. ताईनंही वाचली. मग तिनं ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत निवडली आणि पुसून टाकली. पान कोरं झालं.

मुक्तरावांचे ओठ हलले. माफीचे दोन शब्द येतील असं मला खरंच वाटलं.

“सेव्ह कर,” ते म्हणाले.

तिनं केलं.