न वाळणारा दगड

मी केजला शाळेत विज्ञान शिकवते. भानामती, करणी, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण भर दुपारी, लख्ख उन्हात, चौघांच्या देखत घडलंय, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ दत्ता फौजेत होता. पुरात अडकलेल्या लोकांना काढताना वाहून गेला. तेव्हापासून मला ना रडू आलं, ना कुणाचा राग. शाळा, डबा, पेपर तपासणं सगळं चालू होतं, आत मात्र काहीच नव्हतं.

आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. रस्त्याच्या कडेला दत्ताची स्मृतिशिळा होती, शेजारी गावातल्याच निवृत्त सुभेदार नानांची. नाना म्हातारपणी घरीच वारले होते. दोन्ही शिळा एकाच पाथरवटानं एकाच दगडातून घडवल्या होत्या – काळ्या, गुडघाभर उंच, अगदी जुळ्या. नावं कोरायची राहिली होती, तोवर पेंटरकडून ऑइलपेंटनं लिहून घेतली होती.

रस्ता रुंद करायचं ठरलं तसं आमच्या भागातलं इतिहास मंडळ पुढे आलं. ही मंडळी जुने वीरगळ शोधतात, त्यांच्यावरचे शेंदराचे थर खरवडतात आणि नीट उभे करून ठेवतात. रस्त्याकडेचे सगळे दगड त्यांनी टेम्पोत घालून मारुतीच्या पाराजवळ आणले आणि सवयीनं सगळेच घासून काढले! शेंदराबरोबर दत्ताचं नाव गेलं, नानांचंही गेलं. आता कोणता दगड कुणाचा, कुणालाच सांगता येईना.

मंडळाच्या जाधव सरांनी फोन केला. आई माझ्याकडेच असते. आम्ही दोघी जीपनं गेलो. सर बिचारे हात जोडूनच उभे होते.

"चूक झाली ताई. तुम्ही म्हणाल त्या दगडावर दत्ताचं नाव कोरून देतो."

नानांचा मुलगा विष्णू म्हणाला, "काकू, तुमी घ्या कोणता बी. आमाला चालतंय."

"मला न्हाई चालत," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या दगडाला माजं लेकरू कसं म्हनू?"

ओल्या दगडावर पुसट रेघही दिसते, म्हणून सरांनी दोन्हींवर पाणी ओतलं. अक्षर काही दिसलं नाही. मे महिन्याचं ऊन... उजवीकडचा दगड बघता बघता वाळला. डावीकडचा वाळेचना.

सरांनी फडक्यानं पुसला. पुन्हा ओला. विष्णूनं गमछ्यानं पुसला, तरी तेच. खालची माती कोरडीठाक! मी म्हटलं, चीर असेल, पाणी मुरलं असेल. पण चीर कुठेच नव्हती. हात लावला तर दगड माठासारखा गार. मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही.

मग आई उठली. त्या दगडापुढे बसली आणि पदरानं तो पुसायला लागली. आधी वरून, मग बाजूंनी, मग मागून... न्हाऊन आलेल्या पोराचं डोकं पुसतात तसं, खसाखसा.

"किती भिजलास रं... थांब, हलू नगंस."

दगड वाळला. आम्ही बराच वेळ थांबलो, तो पुन्हा ओला झाला नाही. विष्णूनं टोपी काढून हातात घेतली. सरांनी न विचारताच त्या दगडावर खडूनं दत्ताचं नाव लिहिलं.

जाधव सरांचं म्हणणं, दगडाच्या जातीत फरक असेल. असेलही, पण त्यावर माझा विश्वास बसत नाही आणि दुसरं कारण मला सापडत नाही. परत येताना जीपमध्ये गरम वारा नुसता भाजत होता. घरी पोचल्यावर आईनं बदललेलं लुगडं मी दोरीवर टाकायला घेतलं, तर पदर जड लागला. पिळला. सरांनी ओतलेलं पाणी स्वच्छ होतं. बादलीत पडलं ते पुराच्या पाण्यासारखं गढूळ होतं.

मी तिथेच मोरीत बसले आणि दत्ता गेल्यापासून पहिल्यांदा रडले.