एक ते अडीच

हौसाबाई गेल्याचं मला शाळेच्या फाटकात कळलं. आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी त्यांच्याच आळीत, कालव्याच्या पलीकडं राहतात. "बाई, तुमच्याकडच्या हौसाबाई वारल्या की. कावीळ उतरंना. पोरानं गावाकडं निरवांगीला नेलं, तितंच..." तेवढ्यात घंटा झाली. मी सातवीच्या वर्गावर गेले, हजेरी घेतली, कवितेचं एक कडवंही शिकवलं. मधल्या सुट्टीत लक्षात आलं की आपल्याला रडू यायला हवं होतं, आणि ते आलेलं नाही. त्याच्या जागी एक जुनाच गोंधळ डोकं वर काढून बसला होता. या बाईंशी आपण बरोबर वागलो की चूक? महिना उलटला, तो गोंधळ तसाच आहे.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास त्या आमच्याकडं आल्या. मी शाळेत, आमचे हे पाटबंधारे खात्यात, आणि घरी सासूबाई. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायच्या. मी साडेदहाला निघायचे, हे दोनला जेवायला घरी यायचे. मधल्या वेळात घरात माणूस हवं होतं. म्हणून हौसाबाईंशी बोलणं झालं ते असं : अकराला यायचं, केर-फरशी, भांडी, धुणं करायचं आणि दोनपर्यंत थांबायचं. पगार तीन तासांचा. पन्नाशीच्या, उंच, काटक बाई. नाकात मोठी नथणी, कपाळावर ठसठशीत गोंदण. "थांबते की," एवढंच म्हणाल्या.

काम असं करायच्या की नाव ठेवायला जागा नाही. फरशी पुसायच्या ती कोपऱ्यात नख घालून. मोरीच्या दगडाचा मूळ रंग मला त्यांच्यामुळं पहिल्यांदा दिसला. सासूबाईंनी त्याआधी तीन बायका पळवून लावल्या होत्या. कुणाचा हात जड, कुणाचं तोंड जड. हौसाबाईंबद्दल मात्र चकार शब्द नाही. चार-सहा महिने गेले आणि शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या, "तुमची बाई एकला जाते वाटतं? रोज बघते मी." मी सासूबाईंना विचारलं. त्या जपमाळ ओढत होत्या, हात थांबला नाही. "छे गं. दोनला जाते. घड्याळाचे टोले मोजते की मी."

मला दोघींपैकी कोण खरं ते कळेना. एका शुक्रवारी डोकं दुखतंय असं सांगून मी शाळेतून लवकर निघाले. सव्वा वाजता घरात पाऊल टाकलं तर फरशी वाळलेली, भांडी पालथी घातलेली, आणि सासूबाई एकट्या पलंगावर बसलेल्या. "हौसाबाई कुठं आहेत?" "आत्ताच गेली बघ. आज काम लवकर उरकलं." त्यांचा चेहरा इतका सरळ होता की मीच वरमले. पण सोमवारी मी काकूंना परत विचारलं, मंगळवारी परत, आणि रोज उत्तर एकच. म्हणजे सासूबाई माझ्याशी खोटं बोलत होत्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या खोटेपणाचा हिशेब ठेवणारी ही बाई एका मोलकरणीसाठी सुनेशी खोटं का बोलेल? मला राग आला, आणि त्याहून जास्त, घरातल्या घरात परकं झाल्यासारखं वाटलं.

रविवारी मी हौसाबाईंना समोर उभं करून विचारलं. वाटलं होतं नाही म्हणतील, रडतील. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "व्हय, जाते. काम संपवून जाते." मी म्हटलं, "पण वेळ दोनपर्यंतची ठरलीय ना? आई घरात एकट्या असतात. पडल्या-बिडल्या तर?" त्यांनी बादली उचलून मोरीत ठेवली. "कुठं जाता?" "ते इचारू नका बाई." मग मी जे बोलू नये ते बोलले, उद्यापासून येऊ नका म्हणाले. त्यांनी चपला घातल्या, आतल्या खोलीच्या दिशेनं पाहून "आजी, येते हं" म्हटलं, आणि गेल्या. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

नवी बाई तरुण होती. ती दोनच काय, अडीचपर्यंतही थांबायची. टीव्हीसमोर बसून. भांड्यांना राख तशीच, आणि सासूबाईंना तहान लागली तरी तीनदा हाक मारावी लागायची. महिन्याभरात सासूबाईंनी जेवण अर्ध्यावर आणलं. एका सकाळी त्यांची वेणी घालताना मी न राहवून विचारलं, "आई, तुम्ही हौसाबाईंसाठी खोटं का बोललात?" त्या मग म्हणाल्या, "तिनं मला विचारलं होतं. आजी, जाऊ का म्हणून. मला आजवर या घरात असं कुणी काही विचारलं नव्हतं..." केस माझ्या हातात तसेच राहिले.

त्याच संध्याकाळी मी कालव्याचा पूल ओलांडून हौसाबाईंच्या खोलीवर गेले. दोन पत्र्याच्या खोल्या, मुलगा-सून, पाळण्यात नातू. सून भाकरी थापत होती. हौसाबाई दारातच म्हणाल्या, "यीन. पर एकला जाईन. आजीस्नी सांगून जाईन, पाण्याचा तांब्या उशाला ठेवून जाईन, काकूंस्नी आवाज दिऊन जाईन." हे सगळं त्या हळू आवाजात, सुनेकडं पाठ करून बोलल्या. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी हो म्हणाले. ठरलेल्या वेळेपेक्षा कमी काम करणाऱ्या बाईला तिच्याच अटीवर परत आणणारी मी पहिलीच मालकीण असेन. शाळेतल्या मैत्रिणी हसल्या.

पुढं वर्षभरानं मी त्यांना पाहिलं. मुलींना वक्तृत्व स्पर्धेसाठी इंदापूरला घेऊन निघाले होते. दुपारी दीडच्या सुमारास एसटी स्टँडवर, शेवटच्या फलाटाच्या टोकाला, लिंबाच्या सावलीतल्या बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. पाय वर घेतलेले, हात मांडीत. जवळ पिशवी नाही, डबा नाही. कुणाची वाट पाहत होत्या असंही नाही, कारण बावड्याची गाडी लागली, माणसं उतरली-चढली, त्यांनी मान वळवली नाही. झोपलेल्याही नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. त्या जरा हसल्या. "दिसले व्हय? ल्हानपणी आमची मेंढरं हुती. दुपारच्या उनाची मेंढरं चरत न्हाईत बाई. एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालून गप ऱ्हात्यात. मग आमीबी बसायचो. त्या टायमाला कोण काम सांगत नव्हतं." एवढंच. मला वाटलं याच्यापुढं काहीतरी असेल. एखादं दुःख, एखादं माणूस. मी वाट पाहिली. त्या फडकं पिळून पुढच्या खोलीत गेल्या.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. शेवटची अंघोळ हौसाबाईंनीच घातली. त्यानंतर घरात थांबण्याचं कारण उरलं नव्हतं, तरी त्या एकपर्यंत थांबायच्या. मग कावीळ झाली, येणं बंद झालं. मी एकदा भेटून आले, उसाचा रस नेला होता. दुसऱ्यांदा जायचं राहिलं.

मागच्या रविवारी मी निरवांगीला जाऊन आले. मुलगा कामावर परतला होता, सून एकटीच होती. तिनं चहा केला. हौसाबाईंचा विषय निघाला तशी ती म्हणाली, "बाई, एक इचारू? आत्याबाई म्हणायच्या, अडीचला सुटते. घरी यायला पावणेतीन. तंवर नळाची पाळी, ल्हान पोर, सैपाक, समदं माझ्या एकटीवर. मी लई चिडायचे. ह्या दुखण्यात त्यांस्नी बोललेबी. खरंच अडीच वाजायचे का वं?"

म्हणजे तिकडंही त्यांनी सांगितलं नव्हतं. दोन घरांच्या मधून त्यांनी रोज दीड तास काढला होता, आणि तो त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हता. माझ्यापुढं ही पोर होती. तिच्या हाताला घट्टे पडलेले, ती खरं उत्तर मागत होती आणि तिला ते मागण्याचा हक्क होता. माझ्या तोंडून शब्द गेला, "हो, अडीच वाजायचे. आमच्याकडं कामच तेवढं असायचं."

तिनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं डोळे पुसून, आवाज न चढवता म्हणाली, "लई काम करून घेतलंसा बाई तुमी त्यांच्याकडनं."

मी हो म्हणाले. कपात चहा उरला होता, तो तिच्यासमोर बसून शेवटपर्यंत प्यायले.