रुळांखालचं शेत

बेलापूर आणि नेरूळच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावात हिरामण राहायचा. अंगानं काटक, स्वभावानं हट्टी, आणि बोलायला बसला की समोरच्याचा चहा गार झाला तरी थांबायचा नाही. त्याची दीड एकर भातजमीन सरकारनं शहरासाठी घेतली तेव्हा तो पंचविशीत होता. पुढं वीसेक वर्षांनी, त्र्याण्णव साली, नेमकं त्याच जमिनीवरून लोकलचे रूळ गेले.

गाव रुळांच्या एका अंगाला आणि खाडी दुसऱ्या अंगाला. हिरामण आणि त्याची बायको पुतळा ओहोटी लागली की खाजणातल्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जायची. नाल्यावरच्या पुलाखालून जायची वाट होती, पण ती लांबची आणि चिखलाची. गावातल्यांनी तारेच्या कुंपणाला एक भोक पाडलं होतं, त्यातून सरळ रूळ ओलांडले की पाच मिनिटांत खाजणातली तिवरांची झाडी लागायची.

एकदा रेल्वेच्या एका शिपायानं हिरामणला तिथं हटकलं.

"ओ, इथनं जायचं नसतं. दंड होईल."

"ह्यो बांध माज्या बापानं घातलेला," हिरामण कमरेवर हात ठेवून म्हणाला. "माज्या शेतात मी जातो. गाडी माज्या शेतातून जाते, तिला इचार कोनाला इचारून जाते!"

शिपाई हसला आणि निघून गेला. ही गोष्ट हिरामणनं पुढं महिनाभर गावात रंगवून सांगितली. दर वेळी शिपाई थोडा जास्त घाबरायचा.

खरं सांगायचं तर त्याला गाडीची भीती अशी वाटायचीच नाही. रुळांवर पाय ठेवला की त्याला खडी दिसायची नाही, भाताच्या ओंब्या दिसायच्या. इथं आपली विहीर, इथं आईनं रोप लावताना पाय मुरगळून घेतला, असं तो पुतळाला चालता चालता दाखवायचा. पुतळा म्हणायची, "आवो, शेत मागनं दाखवा. आदी पाय उचला."

शहाण्णव सालच्या माघ महिन्यात, सकाळी नऊच्या सुमारास, दोघं निघाली. निघायला उशीर झाला होता आणि पुतळा त्यावरून धुसफुसत होती. पाणी चढायच्या आत तिवरांत शिरायला हवं होतं. दोघं कुंपणातून आत आली तोच बेलापूरकडे जाणारी लोकल समोरून धडधडत गेली. शेवटचा डबा पुढं सरकला, आणि पुतळा डोक्यावरची पाटी सावरत तरातरा चालू लागली.

हिरामण दोन पावलं मागं होता, म्हणून त्याला दिसलं. गेलेल्या गाडीच्या आडून, उलट दिशेनं, दुसरी गाडी येत होती. पहिलीच्या आवाजात हिचा आवाज बुडून गेला होता.

"पुतले!"

तिला ऐकू गेलं नाही. ती पलीकडच्या रुळात पाय टाकत होती. हिरामण झेपावला, तिचा पदर त्याच्या मुठीत आला आणि त्यानं अंगातलं सगळं बळ लावून ओढलं. दोघं मागं खडीवर कोसळली. वर भोंगा किंचाळत होता, चाकांतून ठिणग्या उडत होत्या आणि डब्यामागून डबा त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावरून जात होता. हिरामणनं डोळे मिटून बायकोचं डोकं छातीशी धरलं होतं.

मग सगळं शांत झालं.

पुतळा कण्हत होती. तिचा डावा हात कोपराखाली वाकडा झाला होता. गाडी थांबली होती, पण त्यांच्यापाशी नाही. तिचा शेवटचा डबासुद्धा त्यांना ओलांडून पुढं गेला होता. त्यातून गार्ड उतरला आणि धावत आला. आता हा शिव्या घालणार, म्हणून हिरामण मान खाली घालून बसला.

"जिवंत आहात ना दोघं?" गार्डनं विचारलं. त्यानं पुतळाला आधार देऊन कुंपणाजवळ बसवलं, आपला रुमाल तिच्या गळ्यात अडकवून हात झोळीत घेतला. मग हिरामणला म्हणाला, "तुम्ही दिसल्याबरोबर मोटरमननं ब्रेक मारलाय. बघा, गाडी कुठं जाऊन उभी राहिली."

हिरामणनं पाहिलं. नऊ डबे. त्यांच्या पार टोकाला असलेली मोटरमनची खिडकी दिसतही नव्हती.

"तुम्ही माझ्याबरोबर पुढं चला," गार्ड म्हणाला. "मोटरमनला वाटत असेल, तुम्ही गाडीखाली गेलात."

हिरामण गार्डच्या मागं गाडीच्या कडेनं चालत गेला. खिडक्या-खिडक्यांतून माणसं त्याच्याकडे बघत होती, कोणी काहीबाही बोलतही होतं. पुढच्या डब्यात एक तिशीतला माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसला होता.

"साहेब," हिरामण खालून म्हणाला, "मी हाय. बायको पन हाय. हात मोडलाय फक्त."

मोटरमन खिडकीतून खाली वाकला.

"गेल्या वर्षी एक म्हातारे होते," तो हळूच म्हणाला. "तेव्हाही मी ब्रेक लावला होता. गाडी थांबते हो काका. पण आपल्याला पाहिजे तिथं नाही थांबत."

हिरामणनं हात जोडले. गाडी सुटली तेव्हाही ते जोडलेलेच होते.

पुतळाच्या हाताला प्लास्टर लागलं. दुसऱ्या दिवशी हिरामण कोयता घेऊन गेला, बाभळीचे काटे तोडले आणि कुंपणाचं भोक गच्च भरून टाकलं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी ते उपसून फेकले. त्यानं पुन्हा भरले. चौथ्या दिवशी तो तिथंच दगडावर बसला. शेजारचा कान्हा जाळं खांद्यावर टाकून आला आणि चिडला.

"हिरामनदा, वाट काय तुज्या बापाची हाय?"

"व्हय. बापाचीच हाय," हिरामण म्हणाला. "म्हनून तर मी बंद करतो. दुसऱ्या कोनाला हक्कच नाय."

"आनि पुलाखाली ढोपरभर चिखल हाय, त्याचं काय?"

हा प्रश्न मात्र खरा होता. हिरामण घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं नाल्याकाठचे सुटे दगड उचलून पुलाखालच्या चिखलात मांडायला सुरुवात केली. दोन दिवस कान्हानं लांबून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी घमेलं घेऊन आला. "तुला दगड सरल लावता येत नाय," एवढंच म्हणाला. मग केशरबाई आली. ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जाणारी, गावात सगळ्यांत वजनदार बाई. तिनं प्रत्येक दगडावर उभं राहून तो हलतो का ते पाहिलं, आणि जो हलला तो पुन्हा बसवायला लावला.

सगळे काही लगेच सुधारले नाहीत. कोणाला घाई असली की भोकाकडे पाय वळायचेच. पण तिथं हिरामण बसलेला असायचा, आणि तो गाडीची, नऊ डब्यांची, मोटरमनच्या हातांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागायचा. ती ऐकत बसण्यापेक्षा पुलाखालून जाणं लवकर होतं, असं कान्हा म्हणायचा. पुढं पावसाळ्यात बाभळीच्या काट्यांवर रानवेल चढली आणि कुंपणाला तिथं भोक होतं हे ओळखूसुद्धा येईना.

पुतळाचा हात बरा झाला, पण जरासा वाकडाच राहिला. पावसाळ्याआधीच, चैत्रात ती पुन्हा खाडीवर निघाली. पुलाखालून, दगडांवरून, एकामागं एक अशी दोघं गेली. वाटेत हिरामण तिला हात द्यायला थांबायचा आणि ती तो झटकून टाकायची.

तिवरांपाशी पोचली तेव्हा पाणी चढून आलं होतं. चिंबोऱ्यांची बिळं बुडाली होती.

"झाला ना उशीर?" पुतळा म्हणाली.

"व्हऊ दे," हिरामण म्हणाला, आणि बांधावर तिच्यासाठी जागा झाडू लागला.