दोघांचं जुळलं का?

"दोघांचं जुळलं का?" असं विचारून सर डावा कान खाजवायचे. रस्ता असो नाहीतर एसटीची वेळ, एकाचं ऐकून हा माणूस पाऊल उचलायचा नाही. उदगीर नवा जिल्हा होणार का, हे त्यांनी अहमदपूरच्या स्टँडवर दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं होतं. एक म्हणाला हाव, दुसरा म्हणाला न्हाई. सर खूश. "जुळत न्हाई, म्हंजे अजून ठरायचंय."

लातुरात ते आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. खोलीत दोन कॉम्प्युटर सदा चालू आणि त्यांना गार ठेवायला एक कूलर. आत काय शिजतंय, मला राहवेना. एकदा विचारलंच.

म्हणाले, इवलाली चुंबकं आहेत, नुसती हिशोबातली. प्रत्येकाला एक शेजारी म्हणतो वर बघ, दुसरा म्हणतो खाली.

"म्हणजे सासू म्हणते बस, नणंद म्हणते ऊठ," मी म्हणाले. पुढे हेच ते वर्गात सांगायला लागले!

त्या सूक्ष्म जगात कितीही गारठा पडला तरी चुंबकांची चुळबुळ थांबत नाही म्हणे. ती हळूहळू कमी करत गेलं की एका ठरावीक आकड्याला सगळी एकदम अडकून बसतात. तो आकडा सरांना निवृत्तीआधी शोधायचा होता. दोन मशीनांवर सुरुवात उलट्या टोकांनी. उत्तर एकच आलं तर खरं.

मग तो दुष्काळ. टँकर येईल तेव्हा येईल. सर ओल्या पंच्याने अंग पुसायचे आणि वाट्याचं पाणी कूलरला पाजायचे. गल्लीने त्यांना वेड्यात काढलं, मीसुद्धा.

माझी लेक बाळंतपणाला आलेली, टँकरचा पत्ता नाही. दारात सर उभे, हातात कूलरची बादली. "वहिनी, बाळाला न्हाऊ घाला." मागच्या खोलीतली कूलर-मशीनांची घरघर बंद होती.

"जुळलं का?" मी विचारलं.

"थोडक्यात राहिलं. जिथवर आलंय तिथवर जपून ठिवलंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पावसाआधीच ते निवृत्त होऊन मशीनांसकट उमरीला, थोरल्या बहिणीकडे गेले.

परवा उमरीहून आलेला पाहुणा म्हणाला, सर गेले. एकाचं कसं ऐकायचं? मी त्यांच्या बहिणीला फोन लावला. तिनेही तेच सांगितलं. मी रडतच होते, तेवढ्यात ती म्हणाली, मशीनं चालूच हायेत, बंद करू का?

"दोन्हींवरचा आकडा सारखा हाय का?"

"न्हाई."

"मग राहू द्या, अक्का."